बावीस हजारांचे जाते

दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या शहापुरात गिरणीवाल्याचे राज्य. एरवी ज्याला आपण "जरा बारीक दळा हो" एवढे सांगून पाठ फिरवतो, त्याच्यापुढे या दिवसांत सारे गाव डबे घेऊन अदबीने उभे असते. यंदा भाजणीचा डबा घेऊन मीही उभा होतो. माझ्या पुढे एक आजीबाई होत्या. डबा खाली ठेवण्याआधी त्यांनी विचारले, "याच्या आधी काय दळलंस रे?"

"गहू."

"मग आधी माझे हे दोन मुठी तांदूळ घाल, नि ते पीठ बाजूला काढ. गव्हावर भाजणी दळली की चकली बिघडते."

मागचे दोघेतिघे हसले. मी मात्र चमकलो. कारण हेच शास्त्र दीड-दोन महिन्यांपूर्वी गणपतीत मी माझ्या पुतण्याच्या तोंडून ऐकले होते. तो सांगत होता कॉफीबद्दल, आणि त्याच्या हातात होते बावीस हजार रुपयांचे यंत्र. "काका, आधीच्या दळणातली पूड आत अडकून राहते. चांगल्या ग्राइंडरमध्ये ती जवळजवळ राहतच नाही." आजीबाईंना हे ज्ञान दोन मुठी तांदळांत मिळाले होते.

या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच की, नवी वस्तू दिसली की तिची किंमत विचारणे आणि किंमत कळली की उपदेश करणे, या माझ्या दोन जुन्या खोडी आहेत. तेव्हा पुतण्याने ते यंत्र काढले त्या क्षणी काय झाले असेल, हे निराळे सांगायला नको. वस्तू पोलादी, लहान तांब्याएवढी. हातात घेतली तर वरवंट्यासारखी जड. वर फिरवायला दांडी.

"केवढ्याला रे?"

"बावीस, काका."

"बावीसशे?"

"बावीस हजार."

आईने कानांवर हात ठेवले. मी गळा साफ केला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, इथून सुरुवात करून मी मुरबाडच्या वर्गात बोलतो तसा पंचेचाळीस मिनिटे बोललो असतो, पण सौभाग्यवतींनी मध्येच विचारले, "अहो, आधी कॉफी तर पिऊन बघू या का?" आणि विषयाने वळण घेतले.

आमच्या घरात कॉफी कशी आली, हे इथे सांगायला हवे. शहापूर-मुरबाड हा चहाचा मुलूख. आसनगावला गाडीतून उतरा, किन्हवलीच्या नाक्यावर एसटीची वाट पाहा, नाहीतर सरळगावला माळशेजकडे जाणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत उभे राहा; हातात पडतो तो चहाच. पण आमच्या मंडळींचे माहेर माटुंग्याचे. तिथे शेजारीपाजारी तमिळ कुटुंबे, आणि कोपऱ्यावर कॉफी भाजून डोळ्यांदेखत दळून देणारी दुकाने. लग्नात तिने रुखवतात पितळी फिल्टर आणला. आमच्या गावाकडच्या मंडळींना ते पूजेचे काही उपकरण वाटले होते. तेव्हापासून पहाटे आमच्या घरी दोन भांडी असतात, आईच्या चहाचे एक आणि आमच्या कॉफीचे एक.

दळलेली पूड माटुंग्याहून आणली की पहिले चार दिवस घर घमघमते. पंधरवड्याने तिच्यात आणि लाकडाच्या भुशात फार अंतर राहत नाही. कारण साधे आहे. सगळा दाणा आपला वास पोटात धरून ठेवतो. पूड झाली की हवा लागण्याची जागा कितीतरी पटींनी वाढते आणि वास उडून जातो. म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही भाजलेल्या बिया, ज्यांना आपल्या जुन्या कोशांत बुंददाणे म्हटले आहे, आणायला लागलो आणि मी बाराशे रुपयांचे एक हातयंत्र विकत घेतले. त्याहून महाग वस्तूंची चित्रे तेव्हाही पाहिली होती. "ही सारी हौशी माणसांची कामे," असे म्हणून मी ती पाने उलटली होती. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

आता थोडे व्याकरण. तुम्ही म्हणाल, मराठीचा मास्तर शेवटी शब्दांवर आलाच. पण इथे शब्दांतच मर्म आहे. आपल्या भाषेत दळणे, भरडणे, कांडणे, कुटणे, वाटणे, रगडणे, खलणे, घोटणे, उगाळणे ही सगळी निरनिराळी कामे आहेत. चंदन कोणी दळत नाही आणि भात कोणी उगाळत नाही. ज्या घरात या क्रिया रोज होत, त्या घरातल्या बाईला प्रत्येकीसाठी वेगळे दगड, वेगळे लाकूड आणि मनगटाची वेगळी चाल ठाऊक होती. मग आपल्या ओट्यावर मिक्सर आला आणि या सगळ्या क्रियापदांच्या जागी "फिरवणे" हे एकच क्रियापद उरले.

मिक्सरची मला निंदा करायची नाही. 1963 साली सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने आपल्याकडची चटणी, इडलीचे पीठ आणि हळकुंडे यांना पुरून उरेल असा दणकट मोटरीचा 'सुमीत' मिक्सर बाजारात आणला, तेव्हा त्याने हजारो बायकांना पाट्यावरून उठवले. परदेशी यंत्रे आपल्या वाटणापुढे जळून जात, हे त्याने घरातच पाहिले होते. पण मिक्सर दळत नाही. त्याचे पाते दाण्याला आपटून तोडते. जो दाणा पात्याच्या वाटेत पुनःपुन्हा येतो त्याची धूळ होते. जो कडेला सरकतो त्याचे तुकडेच राहतात. दळणे म्हणजे दोन पृष्ठभागांमध्ये ठरलेली फट ठेवणे आणि त्या फटीतून जाईल एवढा होईपर्यंत दाण्याला न सोडणे. जाते दळते, गिरणी दळते. पुतण्याच्या हातातले यंत्रही दळते. आत एक दातेरी सुळका, भोवती दातेरी कडे. वर फट रुंद, खाली अरुंद. म्हणजे उभे केलेले जातेच.

फरक कशाने पडतो, हे आमच्या बाजूच्या बायकांना समजवायची गरज नाही. तांदळाची भाकरी थापताना पीठ एकसारखे नसेल तर कड चिरते. उकड कितीही चांगली काढा, भरड कण आपली जागा दाखवतोच. कॉफीचेही तसेच आहे. भाजलेल्या कॉफीत पाण्यात विरघळण्याजोगा भाग साधारण 28 ते 30 टक्के असतो, पण तो सगळा काढून घेतला तर पेय कडू आणि तुरट होते. 1950 च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी या गोष्टीचा अभ्यास केला, आणि 18 ते 22 टक्के भाग उतरला तर चव समतोल राहते हे माप तेव्हापासून रूढ आहे. आता एकाच पुडीत धूळही आहे आणि कण्याही आहेत असे समजा. धुळीतून पाणी सगळे ओढून घेते आणि कडवटपणा येतो. कणीच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचतच नाही आणि आंबटसर पाणचटपणा राहतो. एकाच पेल्यात दोन्ही दोष. पैसे मोजायचे ते या दोषातून सुटण्यासाठी.

महाग यंत्रात मग असते काय? पहिले, कठीण पोलादाचे आणि नेमके कापलेले दाते. दुसरे, मधला दांडा. तो वर आणि खाली दोन्हीकडे बेअरिंगमध्ये घट्ट बसवलेला असतो, म्हणून फिरताना डगमगत नाही. स्वस्त यंत्रात दांडा लचकतो. एका बाजूची फट मोठी होते, दुसरीकडची लहान. जात्याची खुंटी सैल झाली की एका कडेने भरड पडते, तसेच हे. तिसरे, फट कमीजास्त करण्याची सोय. आई जात्याची वरची तळी उचलण्यासाठी खुंटीला चिंधीची चकती घाली आणि भरडायचे काम करी. इथे चिंधीऐवजी केसाएवढ्या अंतराने सरकणारी कडी असते.

हे सारे ऐकून आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या सरांना स्फुरण चढले आणि गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ते शहापूरला आले. येताना त्यांच्याकडचे एक मधल्या किमतीचे, सहा हजारांचे हातयंत्र घेऊन आले. अशा रीतीने आमच्या ओट्यावर चार मल्ल उतरले: घरातला मिक्सर, माझे बाराशेचे, सरांचे सहा हजारांचे आणि पुतण्याचे बावीस हजारांचे. प्रत्येकात वीस ग्रॅम दाणे. मिक्सरने पंधरा सेकंदांत काम उरकले, पण पूड बोटांत घेतली तर रवा, कणी आणि पीठ तिन्ही लागत होते. माझ्या यंत्राला चार मिनिटे लागली. सरांच्या यंत्राला एक मिनिट. पुतण्याचे चाळीस सेकंदांत मोकळे झाले.

दळण्यापूर्वी पुतण्याने दाण्यांवर पाण्याचा एक थेंब टाकून ते हलवले. आई म्हणाली, "हे बरीक शहाणपणाचं. आम्ही गव्हाला पाण्याचा हात लावायचो." पुतण्या म्हणाला की अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या मंडळींनी 2023 साली यावर निबंध छापला. दळताना घर्षणाने वीज तयार होते, पुडीच्या गुठळ्या होऊन ती यंत्राला चिकटते. किंचित ओलावा असला की ही वीज कमी होते. त्या मंडळींत एकजण ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यासक होता म्हणे. आईने ज्वालामुखीकडे दुर्लक्ष केले आणि "पण थेंबच हं, जास्त नको" एवढे बजावले.

मग चव. चार सारखे स्टीलचे पेले, तळाशी खुणेचे कागद, आणि कोणाला काही न सांगता सौभाग्यवतींनी ते मांडले. पहिली फेरी आमच्या रोजच्या कॉफीची: फिल्टरचा अर्क, त्यात थोडी चिकोरी, दूध आणि साखर. मिक्सरची कॉफी चौघांनीही ओळखली. अर्क पातळ उतरला होता आणि तरीही जिभेवर कडू रेंगाळत होता. उरलेल्या तीन पेल्यांत मात्र आमची फजिती झाली. बाराशेची कॉफी दोघांनी ओळखली. सहा हजारांची कोणती आणि बावीस हजारांची कोणती, हे छातीठोक सांगायला कोणी तयार नव्हते. पुतण्याने सांगितले, आणि चुकला.

दुसरी फेरी काळ्या कॉफीची, कमी भाजलेल्या दाण्यांची, बिनदुधाची. इथे पुतण्याने आपला पेला बिनचूक उचलला. पुन्हा मांडले, पुन्हा उचलला. सौभाग्यवतींनीही ओळखला. मला ती कॉफी चिंचेच्या सारासारखी लागली, पण चार पेले चार तऱ्हेचे होते एवढे मलाही कळले.

यावरून पहिला निवाडा निघतो, आणि तो मी निःशंकपणे देतो. दूध, साखर आणि चिकोरी हे तिघे फार क्षमाशील आहेत. ते दळणातले पुष्कळ दोष पोटात घालतात. शिवाय फिल्टरमधून अर्क पंधरा-वीस मिनिटे सावकाश उतरतो. त्याला एका केसाच्या फरकाची तमा नसते. म्हणून दक्षिणी पद्धतीची दूध-कॉफी पिणाऱ्याने चवीसाठी बावीस हजार मोजू नयेत. जो काळी कॉफी पितो, हलकी भाजलेली पितो, आणि ज्याला त्या पेल्यात फळांचा आणि फुलांचा वास शोधायचा आहे, त्याला फरक मिळतो. आणि ज्याच्या घरी दाबाने कॉफी काढायचे एस्प्रेसो यंत्र आहे त्याला तर महाग दळणयंत्राशिवाय गतीच नाही. तिथे पाणी अर्ध्या मिनिटात पुडीतून ढकलले जाते. फट जराशी चुकली की सगळा खेळ फसतो.

इथे हा लेख संपवता आला असता. "सहा हजारांवरचा पैसा हौसेचा" असे शेवटचे वाक्य लिहून मी मोकळा झालो असतो. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली.

सरांनी आणलेले यंत्र सौभाग्यवतींनी हातात घेतले, दाणे घातले, फिरवले. दांडी सैल पडली तशी त्या थांबल्या. झाकण काढून पाहिले. दाणे संपले होते. "एवढंच?" त्या म्हणाल्या. आणि यंत्र खाली ठेवून त्यांनी उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरला.

तो अंगठा त्या अशा धरतात हे मी वर्षभर पाहत होतो. विचारले मात्र नव्हते. आमच्या घरी पहाटे पाचला कॉफी होते, कारण साडेसहाची एसटी गाठून मला किन्हवलीमार्गे मुरबाडला जायचे असते. मी अंघोळीला जातो आणि बाहेर येतो तो कॉफी तयार असते. दळण कधी होते, कोण करते, ही गोष्ट माझ्या हिशेबात कधी आलीच नव्हती.

मी कागद घेतला आणि हिशेब मांडला. बाराशेच्या यंत्राची दांडी दोन वर्षांत आतून झिजली आणि गरगर फिरू लागली. म्हणून गेल्या वर्षी मी दुसरे तसेच आणले होते. बाराशे भागिले दोन वर्षांचे 730 दिवस: रोजचा एक रुपया चौसष्ट पैसे. सहा हजारांचे यंत्र दहा वर्षे चालले तर 3650 दिवस: रोजचा एक रुपया चौसष्ट पैसे. पैशाचाही फरक नाही! बावीस हजारांचे तेवढेच चालले तर रोजचे सहा रुपये. म्हणजे स्वस्त यंत्र घेऊन मी काहीच वाचवले नव्हते.

दुसरा हिशेब वेळेचा. रोज चार मिनिटे म्हणजे वर्षाला चोवीस तास वीस मिनिटे. अख्खा एक दिवस आणि रात्र. तीन वर्षांत तीन दिवस आणि तीन रात्री एक बाई आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून दांडी फिरवत होती, आणि मी बाहेर बसून विचार करत होतो की जादा पैशांनी चवीत काही फरक पडतो की नाही.

हे मी मोठ्याने वाचले. घरात जरा शांतता झाली. मग कोपऱ्यातून आई बोलली.

आमचे गाव डोळखांबच्या बाजूचे. माझ्या लहानपणी गिरणी लांब होती आणि घरात आठ माणसे खाणारी. आई पहाटे जात्यावर बसे, नाचणी आणि तांदूळ दळी. ओव्या म्हणे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मी पुढे वर्गात शिकवू लागलो, आणि शिकवताना माझा कंठ दाटून येई. पण आईने त्या दिवशी ओवीची आठवण काढली नाही. तिने टाकीची काढली.

जाते वापरून गुळगुळीत होते. मग पाथरवट येतो आणि छिन्नीने त्याला टाकी लावतो. दगडाला पुन्हा दात येतात. टाकी लावलेले जाते हलके चालते आणि पीठ भराभर पडते. बोथट जात्यात तेवढेच पीठ पाडायला दुप्पट फेरे घालावे लागतात. आमच्याकडे पाथरवट दसऱ्यानंतर येई आणि टाकीचे पायलीभर भात घेई. "तुझे वडील म्हणायचे, अजून चालतंय की. भाकरी तर तशीच लागते." आई सांगत होती. "एक वर्ष गेलं, दोन गेली. पाथरवट दारावरून जायचा. मी आतून त्याची हाक ऐकायची. भाकरी तशीच लागायची, ते खरंच होतं. त्यांचं काय खोटं नव्हतं."

आईचा उजवा हात आज खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणतात, वयाने. आई म्हणते, जात्याने. दोघांपैकी खरे कोणाचे, हे ठरवण्याची विद्या माझ्याकडे नाही. पण वडील वाईट नव्हते, एवढे मी सांगू शकतो. पायलीभर भाताची किंमत त्यांना ठाऊक होती, कारण ते भात त्यांनी चिखलात उभे राहून पिकवले होते. दोन फेऱ्यांची किंमत त्यांना ठाऊक नव्हती, कारण जात्याचा खुंटा त्यांनी कधी धरला नव्हता. भाकरी खाऊन त्यांनी जात्याची परीक्षा केली. मीही कॉफी पिऊन तेच केले. वडील निदान शेतकरी होते. मी तर जात्यावरच्या ओव्या शिकवून पगार घेतो.

तेव्हा वाचकहो, "जादा पैसे मोजण्याजोगे आहे का?" हा प्रश्न विचारण्याआधी एक प्रश्न विचारायचा राहून जातो. फिरवणार कोण? आमच्या या भाताच्या तालुक्यांत हा प्रश्न घरोघरी आहे. जुन्या हलर गिरणीत भात सडले की तांदळाची कणी जास्त होते. रबरी रुळांच्या गिरणीत दाणा अखंड राहतो, पण ते यंत्र गिरणीवाल्याला महाग पडते. हलर ठेवणारा वाचवतो, आणि त्याची कणी शेतकऱ्याच्या पोत्यात जाते. पैसे एकाचे वाचतात आणि तूट दुसऱ्याच्या पदरात पडते, असे जिथे जिथे होते, तिथे "स्वस्त" या शब्दाचा अर्थ नीट तपासून घ्यावा. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाच्या योजनांत घरगुती गिरणीला अनुदान मिळते, तेव्हा पुष्कळ पुरुष म्हणतात की गावात गिरणी असताना घरात कशाला? त्यांनी एकदा पावसाळ्यात दहा किलोंचा डबा डोक्यावर घेऊन ओढा ओलांडून यावे, मग बोलावे.

मी काय केले ते सांगतो. मला एकदम मोठेपणा दाखवायचा नव्हता. आधी खरे काय ते कळावे म्हणून मी ठरवले की आठ दिवस पहाटेचे दळण माझ्या जुन्या यंत्रावर मीच करायचे. पहिल्या दिवशी मजा वाटली. दुसऱ्या दिवशी मी घड्याळाकडे पाहिले. तिसऱ्या दिवशी एसटी चुकता चुकता मिळाली आणि तासाला फळ्यावर लिहिताना अंगठा ठणकत होता. निश्चय आठ दिवसांचा होता. चौथ्या दिवशी मी सहा हजार रुपये भरले. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या वडलांना असंच चार दिवस बसवायला हवं होतं रे. मला सुचलंच नाही."

आता ज्यांना केवळ सल्ला हवा आहे, त्यांच्यासाठी चार ओळी. महिन्यातून चार-दोनदा कॉफी होत असेल तर काहीच घेऊ नका. दुकानातून शंभर ग्रॅम दळून आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पंधरा दिवसांत संपवा. मिक्सरच वापरायचा असेल तर लहान भांड्यात थोडे दाणे घ्या, सलग न फिरवता दोन-दोन सेकंदांनी थांबत, भांडे हलवत फिरवा आणि पूड चाळणीने चाळून कण्या पुन्हा घाला. चव पुष्कळ सुधारते. रोज दूध-कॉफी पीत असाल तर पोलादी दात्यांचे आणि दोन्हीकडे बेअरिंग असलेले मधल्या किमतीचे हातयंत्र पुरेसे आहे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा हाताचेच बरे. पण हात दुखणारे असतील तर विजेचे, पात्याचे नव्हे, दात्यांचे घ्या आणि जास्तीच्या पैशांची खंत करू नका. तो चवीचा खर्च नसून औषधाचा खर्च समजा.

आणि बावीस हजारांचे? पुतण्याला मी आता बोलत नाही. त्याची कॉफी काळी, कमाई त्याची, आणि दांडी तो स्वतः फिरवतो. माझ्या कपाटात जुन्या कोशांच्या आवृत्त्या आहेत. त्यांतल्या एकीसाठी मी एकदा अर्ध्या महिन्याचा पगार दिला होता आणि घरात किंमत चुकीची सांगितली होती. हौसेला मोल नसते, फक्त ती ज्याची त्याच्या खिशातून आणि त्याच्या मनगटातून गेली पाहिजे.

गिरणीच्या रांगेत माझी पाळी आली तेव्हा गिरणीवाल्याने विचारले, "सर, बारीक की मध्यम?" मी म्हटले, "आधी दोन मुठी तांदूळ घाला." तांदूळ मी नेले नव्हते. पुढच्या आजीबाई अजून तिथेच डबा झाकत होत्या, त्यांनी आपल्या पिशवीतले उरलेले मूठभर तांदूळ काढून दिले आणि विचारले, "घरी चकल्या पाडतं कोण?"

"बायको पीठ मळते," मी म्हणालो, "आणि यंदा सोऱ्या मी फिरवणार आहे."

"लाकडी सोऱ्या आहे का पितळी?" त्यांनी विचारले. "पितळी घे हो. लाकडी फार जड जातो."